पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला अजून इंग्रज गव्हर्नराचं नाव का? मुलीला इतिहासात बीए करायला तिथे पाठवावं का?

हाच प्रश्न मला १९९४च्या दिवाळीत भर पंगतीत विचारला गेला होता. म्हणून लिहितोय.

बारावीला मार्क चांगले होते. मोठ्या मामांनी माझं इंजिनिअरिंग ठरवूनच टाकलं होतं. मी मात्र फर्ग्युसनला बीएला नाव घातलं, इतिहास घेऊन. सगळ्या पाहुण्यांदेखत मामा म्हणाले, "गोऱ्या गव्हर्नराच्या नावाच्या कॉलेजात बसून देशाचा इतिहास शिकणार? लाज नाही वाटत?" उत्तर सुचेना. ताटावरून उठलो, आई दारापर्यंत मागे आली.

होस्टेलवर परतलो आणि वाडिया लायब्ररीत बसून उत्तर शोधू लागलो. संध्याकाळी मुलं टेकडीवर नाहीतर वैशाली हॉटेलात, मी जुन्या चरित्रांत. तिथे जे सापडलं ते असं. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्याविरुद्ध छापल्याबद्दलच्या बदनामी खटल्यात, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन. आणि १८८५ साली याच दोघांनी सहकाऱ्यांसह काढलेल्या कॉलेजला त्याच फर्ग्युसनचं नाव दिलं! ही माणसं लाचार होती असं कुणी म्हणू धजेल का? गव्हर्नराने सुमारे १,२०० रुपये देणगी दिली होती, आणि त्याचं नाव पुढे असलं की संस्थानिकांनाही पैसे द्यायला धीर येई, असं माझं मत. त्यांना कॉलेज उभं करायचं होतं, पाटीसाठी ते अडून बसले नाहीत.

पुढे १८९०मध्ये टिळक कॉलेज चालवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडले. आगरकर राहिले, १८९२पासून प्राचार्य झाले आणि १८९५मध्ये गेले, चाळिशीही न गाठता. एमए झालेल्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ती सोडून दम्याने पोखरलेल्या छातीने ते तुटपुंज्या पगारावर शिकवत राहिले. त्यांचं गाव टेंभू कराडजवळ, मामांच्या गावापासून सायकलने जाण्याइतकं. मामांना फर्ग्युसन कोण ते पाठ होतं, आगरकर कुठले ते ठाऊक नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

सावरकरांचं नावही लोक काढतात. १९०५च्या विदेशी कपड्यांच्या होळीनंतर कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड करून होस्टेलमधून काढलं. त्यांची खोली आज तिथेच जपून ठेवली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा कुठे मिळणार? तेव्हा नाव बदलू नये, माझं स्पष्ट मत.

मुलीचं म्हणाल तर, तिला इतिहास हवाय ना? मग पाठवा. "बीए करून काय करणार" म्हणणाऱ्यांना तिची फी भरायची नाहीये. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवतोय, घर त्यावरच चाललंय. हो, एक राहिलं. माझा काळ १९९४ ते ९७चा. आता कॉलेज स्वायत्त आहे, अभ्यासक्रम आणि फी तिथे जाऊनच विचारा. होस्टेलच्या जागा मोजक्या, त्याचा अर्ज आधी टाका.

आणि पंगतीत कुणी तिला नावावरून बोललंच, तर १०१ दिवसांचं तिला आत्ताच सांगून ठेवा. मला तेव्हा ते माहीत नव्हतं.