उसाच्या चिपाडाच्या कोळशाने पाण्यातलं शिसं काढायचंय. सरफेस एरिया जास्तीत जास्त मिळावा म्हणून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरू की फॉस्फोरिक ॲसिड?

एकाच्या या प्रश्नातला ‘सरफेस एरिया’, म्हणजे छिद्रांच्या आतल्या भिंतींसकट कोळशाचा एकूण पृष्ठभाग, हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. त्या एका आकड्यापायी माझं एमएस्सीचं प्रोजेक्टचं वर्ष गेलं.

मी भुईमुगाच्या टरफलांचा कोळसा केला होता. ५०० अंशांवर, साधाच, ॲक्टिव्हेशन, म्हणजे रसायन घालून भाजून छिद्रं वाढवणं, न करता. लिटरला ५० मिलिग्रॅम शिसं असलेल्या पाण्यात घालून दोन तास शेकरवर ठेवला, गाळलं, मोजलं. ९८ टक्के शिसं गेलेलं. गाइड खूश, म्हणाले पेपर लिहायला घे. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. सुरुवातीला पीएच ५ ला आणला होता आणि शेवटी मोजला तर ८ च्या वर. टरफलांची राख अल्कधर्मी, तीच पाण्यात उतरली होती. मग दुसऱ्या बीकरमध्ये कोळसा घातलाच नाही, सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी पीएच तेवढाच चढवला. पाणी गढूळलं. गाळून मोजलं तर इथलंही बहुतेक शिसं गेलेलं! म्हणजे कोळशाच्या छिद्रांनी फारसं काही धरलंच नव्हतं. शिशाचा साका झाला आणि तो फिल्टर पेपरवर अडकला, एवढंच.

शिवाय ९८ टक्के म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम शिसं उरलंच. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.०१ मिलिग्रॅमची आहे. शंभरपट!

हे दाखवल्यावर गाइडचं उत्तर: “तुझा सरफेस एरिया कमी पडतोय, तो वाढव.” वाढवला. केओएच घालून ८०० अंशांवर भाजला, आकडा कितीतरी पट झाला. नीट धुऊन, पीएच ५ ला धरून मोजलं तर शिसं जेमतेम जास्त धरलं. शिशाच्या धन आयनाला पकडतात ते कोळशावरचे कार्बॉक्सिलसारखे ऑक्सिजनचे गट, आणि तेवढ्या तापमानाला त्यातले बरेचसे उडून जातात. जागा भरपूर झाली, पण धरणारं कोणी उरलं नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, शिशासाठी फॉस्फोरिक ॲसिड घ्या. ४५० अंशांच्या आसपास काम होतं, आम्लधर्मी गट टिकतात, मागे राहिलेलं फॉस्फेटही शिशाला बांधून घेतं. धुवायचा कंटाळा करू नका; धुवणाचा पीएच स्थिर होईपर्यंत धूत राहा.

आणि प्रत्येक प्रयोगाच्या शेवटचा पीएच लिहा, त्याच पीएचचा बिनकोळशाचा ब्लँक, म्हणजे तुलनेचा नमुना, लावा. गाइड “गरज नाही” म्हणाले तरी लावा आणि तो तक्ता प्रबंधात घाला. मी माझा घातला नाही. भांडायला हवं होतं, ते अजून बोचतं.

सरफेस एरिया अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. रंगद्रव्यं किंवा वास काढायचा असेल तर तो कामाचा. क्रोमियम-६ चं गणितही वेगळं. तो पाण्यात ऋण आयन म्हणून असतो, त्यामुळे कमी पीएचला चांगला धरला जातो. डिस्टिल्ड वॉटरमधले आकडे खऱ्या पाण्यात घसरतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच जागांवर बसतात. वापरलेला कोळसा शेतात टाकू नका, त्यात आता शिसं आहे. आधी सौम्य नायट्रिक ॲसिडने किती परत निघतं ते मोजा.