मशीन राहू दे, आधी दोरीवरच्या पोरांचं बघा

प्रश्न: माझं वय ३८, कळंब्यात राहतो. बिल्डिंगचं काम संपलं की पझेशनच्या आधीची सगळी सफाई आम्ही करून देतो. राडारोडा उतरवणं, फरशीवरचं सिमेंट आणि रंगाचे ठिपके खरवडणं, बाथरूम, खिडक्या, काचा, टाक्या. सहा पोरं आहेत, हजेरी ६०० रुपये. फुटाला ५ रुपये सुटतात, महिन्याला सरासरी ३० हजार फूट काम होतं. डीलरनं ७ लाखांचं कोटेशन दिलंय: बसून चालवायचं स्क्रबर मशीन सव्वापाच लाख, सिंगल डिस्क (फरशी घासायचं छोटं मशीन) ६० हजार, व्हॅक्यूम ३५ हजार, प्रेशर वॉशर आणि इतर सामान ८० हजार. स्क्रबर सहा माणसांचं काम करतं म्हणे. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून बांधकामं वाढलीत, काम दुप्पट होईल. बँकेत घेतलेली एक गॅरंटीड पॉलिसी आहे. वर्षाला १ लाख, दोन हप्ते भरलेत. ती मोडू का कर्ज काढू? दोन बिल्डरांकडून साडेचार लाख यायचेत, पण माणसं ओळखीतली आहेत. बाहेरच्या काचांना दोन पोरं गच्चीवरून दोरीनं उतरतात. दोघंही २४ वर्षांची. पॉलिसीत अपघाताचा रायडर आहे, त्यामुळं ती काळजी नाही.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेतो. बाकीचं सगळं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

तो रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर, तुमच्यापुरता आहे. पॉलिसीवर विमाधारक म्हणून ज्याचं नाव छापलंय, त्याला अपघात झाला तरच पैसे मिळतात. दोरीवरच्या पोरांचं नाव त्या कागदावर कुठंही नाही. बँकेच्या काउंटरवर ‘सगळं कव्हर होतं’ असं कुणी सांगितलं असेल, तर तेवढंच वाक्य त्याच्याकडून सही-शिक्क्यानिशी मागून बघा. मिळणार नाही.

आता हिशेब. कामावर माणूस दगावला तर मालकानं द्यायच्या भरपाईचं सूत्र कायद्यानं ठरलेलं आहे: महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. तुमच्या पोराचा पगार २५ दिवसांच्या हजेरीनं महिना १५ हजार, निम्मे साडेसात हजार. २४ वर्षांचा गुणक २१८च्या थोडा वर. म्हणजे १६ लाख ४० हजारांच्या आसपास. पोरगा वाचला पण कायमचा पूर्ण अपंग झाला, तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. ते साडेएकोणीस लाखांच्या पुढं जातं. दवाखान्याचा खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. घरच्यांनी बिल्डरकडून भरपाई घेतली तरी बिल्डर ती तुमच्याकडून वसूल करू शकतो. ‘साइट त्यांची होती’ म्हणून तुमची सुटका होत नाही.

आणि तुमची कमाई किती? महिन्याला दीड लाखाचं बिल, हजेरीत ९० हजार जातात, टेम्पो आणि मटेरियलला १५ हजार धरू. उरले ४५ हजार, वर्षाला ५ लाख ४० हजार. एक दोर सुटला की तीन वर्षांची कमाई गेली. घर त्या तीन वर्षांत कशावर चालणार, ते पत्रात नाही.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. सर्वसाधारण विमा कंपन्या कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी देतात, ती घ्या. हप्ता पगारबिलावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. तुमचं वर्षाचं पगारबिल १० लाख ८० हजार. अडीच टक्के दर लागला असं धरलं तरी हप्ता २७ हजार. चौरस फुटाला साडेसात पैसे. बिल्डरच्या पुढच्या कोटेशनमध्ये दहा पैसे वाढवा, त्याच्या लक्षातही येणार नाही. मात्र फॉर्म भरताना हातचं राखू नका. उंचीवरचं काम असतं हे लिहा, सहाच्या सहा माणसं दाखवा, पगार खरा लिहा. हप्ता वाचवायला चार माणसं आणि ४०० रुपये हजेरी दाखवणारे ठेकेदार पुष्कळ आहेत. क्लेमच्या वेळी कंपनी पहिल्यांदा हजेरीपत्रकच मागते. दवाखान्याच्या खर्चाची जोड मागून घ्या, ती मूळ पॉलिसीत असेलच असं नाही.

याशिवाय प्रत्येक पोराचं बँक खातं उघडून पंतप्रधान सुरक्षा विमा घ्यायला लावा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. सहा जणांचे १२० रुपये तुम्हीच भरा. तेवढ्यानं तुमची कायद्यानं असलेली जबाबदारी कमी होत नाही, पण त्यांच्या घरी काहीतरी पोचेल. माणसं दहा झाली की ईएसआयसीचा (सरकारी कर्मचारी विम्याचा) विषय येतो, ते आत्ताच डोक्यात ठेवा.

आणि पॉलिसी आली म्हणून दोर टाकीच्या पाईपला बांधायचा, असं नव्हे. पूर्ण अंगाचा हार्नेस (सुरक्षा पट्टे), माणसाचा दोर वेगळा आणि सुरक्षेचा वेगळा, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. हे जमत नसेल तर बाहेरच्या काचांचं काम दोरीवर चढायला शिकलेल्या एजन्सीला द्या आणि आतलं तेवढं तुम्ही ठेवा. यातलं एक काही होईपर्यंत त्या दोन पोरांना खाली उतरवा. बिल्डर कुरकुरेल, कुरकुरू दे.

आता मशीन. बसून चालवायचं स्क्रबर मॉलला, गोदामाला, दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरला चांगलं. तुमचं काम दहा बाय अकराच्या बेडरूमचं, चार बाय सातच्या बाथरूमचं आणि सरकत्या खिडकीच्या खाचेतल्या वाळूचं. ते मशीन फ्लॅटच्या दारातून आत जाणार नाही, जिन्यानं वर न्यायचा तर प्रश्नच नाही. फार तर पार्किंगमध्ये फिरेल. सहा माणसांचं काम करतं हे खरं असेल, पण ती सहा माणसं तुमची नव्हेत. कोटेशनमधली पहिली ओळ खोडा. उरतं पावणेदोन लाखांचं सामान, आणि ते खरोखर उपयोगाचं आहे. व्हॅक्यूम तर आधीच घ्यायला हवा होता. सिमेंटची धूळ कोरड्या झाडूनं उडवली की ती पोरांच्या छातीत जाते आणि तासाभरानं पुन्हा त्याच फरशीवर बसते. घासायचं मशीन आलं की ॲसिडचा हातही आखडेल. ॲसिडनं मार्बलचं पॉलिश जातं, वाफेनं नळांचं क्रोम काळवंडतं, मग बिल्डर तुमचं बिल कापतो. वाळू न धुता काचेवर पत्ती फिरवली तरी तेच.

सात लाखांना १३ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता १६ हजार, म्हणजे ४५ हजारांतला तिसरा हिस्सा. तुमची कामं पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा-दिवाळीच्या पझेशनभोवती गोळा होतात. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पाऊस काय करतो ते मी तुम्हाला सांगायला नको. हप्ता पाऊस बघत नाही. सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, चांगलंच झालं. वकिलांची ऑफिसं वाढतील, भाडी वाढतील. पण आज खोदलेल्या पायाची सफाई तुमच्याकडं यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तेव्हा तुमच्यासारखे आणखी दहा जण कोटेशन घेऊन उभे असतील. दुप्पट धरून कर्ज काढू नका. ‘सर्किट बेंच’ हे दोन शब्द सध्या प्लॉटपासून पॉलिसीपर्यंत सगळं विकायला वापरतात.

पावणेदोन लाखांना कर्जही नको. तुमचे साडेचार लाख बिल्डरांकडं अडकलेत, म्हणजे तीन महिन्यांचं बिल. बिनव्याजी कर्ज तुम्ही दिलंय आणि तुम्हीच बँकेत अर्ज करायला निघालात! उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी करा, ती फुकट आहे. एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणीनंतरच्या कामांना २००६च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. शिवाय मुदतीत दिलं नाही तर बिल्डरला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. हे बिल्डरला सांगण्यापेक्षा त्याच्या सीएला फेब्रुवारीत सांगा, लवकर कळतं. जुनी थकबाकी मात्र ओळखीवरच मागावी लागेल. निम्मी सुटली तरी सामान रोखीत येईल आणि विम्याचा हप्ताही भागेल.

पॉलिसी. तिचे बाकीचे तपशील तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून अशा योजनांचा नेहमीचा साचा घेतो: दहा वर्षं १ लाख भरा, विसाव्या वर्षी २२ लाख घ्या. ‘दुपटीहून जास्त’ असं सांगून विकतात. व्याज काढलं तर पाच टक्क्यांच्या जरा वर. तेच हप्ते पीपीएफमध्ये, आजच्या ७.१ टक्क्यांनी आणि मुदत वाढवून, २९ लाखांच्या आसपास जातात. आणि विमा किती, तर हप्त्याच्या दहापट, १० लाख. घर चालवणाऱ्या माणसाला १० लाख! कंपनीला पत्र लिहून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतात, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती. आकडे बघून ठरवू, पण मशीनसाठी मोडू नका. तिसरा हप्ता भरायची घाईही नको. त्याआधी १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, १५ ते २० हजारांत बसावा. व्यवसाय खरा लिहा. तुम्ही स्वतः दोरीवर जात असाल तर तेही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्षाची उलाढाल १८ लाख आहे. २० लाख ओलांडले की जीएसटी नोंदणी आली आणि सफाईला १८ टक्के. दुप्पट कामाच्या गणितात ते दिसलं नाही. बिल्डर तुमच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापत असेल तर वर्षाला १८ हजार सरकारकडं तुमच्या नावावर जमा आहेत. रिटर्न भरत नसाल तर ते तिथंच पडून आहेत, आणि तुमची उलाढालही तिथं दिसते आहे. सीएकडं दसऱ्याची कामं धरायच्या आधी जा, आणि जाताना विम्याचं कोटेशन खिशात असू द्या.