वर्गात इंग्रजीतून प्रेझेंटेशन देताना घाबरून सगळं विसरायला होतं. काय करावं?

घरी अख्खं भाषण तोंडपाठ असतं आणि वर्गासमोर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच गाडी अडते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते गोची त्या पाठांतरातच आहे. पाठ केलेला प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाचं बोट धरून येतो. एक निसटला की पुढचे सगळे अडतात. मराठीत आपण पटकन दुसरा शब्द घालून वेळ मारून नेतो. इंग्रजीत तो शोधायला लक्ष लागतं, आणि नेमकं तेच भीतीने खाल्लेलं असतं. यात तुमच्या हुशारीचा काही संबंध नाही. परकी भाषा शिकतानाची ही भीती मोजायला भाषाशिक्षणाच्या संशोधक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली होती, इतकी ती सर्रास आढळते.

म्हणून पाठ करायची ती फक्त पहिली तीन-चार वाक्यं आणि शेवटचं एक. धडधड सुरुवातीला सर्वांत जास्त असते, तेवढा वेळ तोंड आपोआप चालायला हवं. मधल्या भागासाठी दर स्लाइडमागे एक कार्ड, त्यावर तीन-चार शब्द. पूर्ण वाक्य लिहिलंत की नजर तिथेच चिकटते आणि तुम्ही वाचायला लागता.

मिनिटाला १०० ते १२० शब्द हा वेग पुरे. पाच मिनिटं मिळाली असतील तर चार मिनिटांचाच मजकूर ठेवा; मजकूर जास्त झाला की घाई होते, आणि घाईत उच्चार आधी बिघडतात.

सराव उभं राहून, मोठ्याने, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत करा. मनातल्या मनात वाचून जिभेला वळण लागत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून जीभ अडखळते ते पाच-सहा शब्द शोधा आणि डिक्शनरीत त्यांचा उच्चार ऐका. उदाहरणार्थ, 'डेव्हलपमेंट'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर नाही, 'व्हे'वर येतो: डि-व्हे-लप्-मेंट. एखादा शब्द काही केल्या जमत नसेल तर सरळ बदला. 'पर्टिक्युलरली'ऐवजी 'इस्पेशली' म्हटल्याने काही बिघडत नाही.

अडकल्यावर म्हणायचं वाक्यही तयार ठेवा: 'लेट मी से दॅट अगेन.' व्याकरणाची चूक झाली आणि अर्थ पोचला असेल तर मागे जाऊ नका. दुरुस्त करायला गेलं की धागा हमखास तुटतो.

नंबर यायच्या आधी चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाचेक वेळा करा. भराभर खोल श्वास घेऊ नका, त्याने उलट गरगरतं.

प्रश्नोत्तरांची धास्ती अनेकांना भाषणापेक्षा जास्त असते. विचारले जातील असे पाच प्रश्न स्वतःच लिहून त्यांची दोन-दोन वाक्यांची उत्तरं बोलून बघा. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?' असं बेधडक विचारा. कळला असला, तरी 'सो यू आर आस्किंग अबाउट...' म्हणत तो आपल्या शब्दांत पुन्हा मांडा. उत्तर जुळवायला तेवढेच चार-पाच सेकंद मिळतात.