धडगावला जरूर जा, पण सावेडीचा फ्लॅट विकू नका

सर, तुमचं आणि ताईंचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही 66 वर्षांचे, अनुदानित शाळेतून निवृत्त, पेन्शन 34 हजार. ताई, म्हणजे तुमच्या पत्नी, 63 च्या, ट्रस्टच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स. त्यांना पेन्शन जवळजवळ नाहीच. नगरला सावेडीत 2004 साली साडेसहा लाखांना घेतलेला फ्लॅट आज 48 लाखांना जाईल. हाताशी 31 लाख आहेत, त्यातले 18 लाख ताईंच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे आणि 9 लाख एका पतसंस्थेत. आता दोघांनी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्याही पुढे एका पाड्यावरच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत बिनपगारी सेवेला जायचं ठरवलंय. तुम्ही उपासना चालवणार, मुलांचा अभ्यास घेणार. ताई बायाबापड्यांच्या तब्येतीकडे बघणार. त्यासाठी फ्लॅट विकायचा, 15 लाखांत तिथे घर बांधायचं आणि उरलेले बँकेत टाकायचे. मुलगा विकू नका म्हणतो. तुम्ही लिहिता, ‘मागे घर ठेवून गेलं तर मन मागेच राहतं.’

जाण्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. कर्ज नाही, मुलं मार्गी लागलीत, दर महिन्याला पेन्शन येते. पैशाच्या अंगाने तुम्ही या कामाला तयार आहात. अशी सेवा हातीपायी धड असतानाच होते, तेव्हा लांबवूही नका. माझा विरोध तिथे घर बांधायला आहे, आणि म्हणून फ्लॅट विकायला.

धडगावचा अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकारी आणि शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय विकत घेता येत नाही. कायदा अगदी योग्य आहे, त्यांच्या जमिनी कशा हातच्या गेल्या हे आपण जाणतो. कोणी म्हणेल, विश्वासातल्या माणसाच्या नावावर घेऊ, स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवू. त्या वाटेला जाऊच नका. तो कागद कोर्टात टिकणार नाही आणि ज्यांच्यात राहायचं त्यांच्याशीच वितुष्ट येईल.

जागा ‘मंडळीची’ आहे असं तुम्ही लिहिलंय. तिचा सातबारा काढा आणि भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. नोंदणीकृत ट्रस्टचं असेल, तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) किंवा एखाद्या सभासदाच्या नावावर असेल, तर उद्या त्यांचे वारस मालक. कसंही धरलं तरी 15 लाखांचं ते घर तुमचं होत नाही. ते दान ठरतं. दान द्यायला माझी ना नाही, पण ते दान म्हणूनच मोजा आणि झेपेल तेवढंच द्या. माझ्या हिशेबाने तीन लाख. मंडळी जी खोली देतेय तिला फरशी, संडास, पाण्याची टाकी आणि सोलर दिवे एवढं त्यात बसवा.

फ्लॅट विकलात तर भांडवली नफ्यावरचा कर, नव्या 12.5 टक्क्यांनी मोजा की जुन्या इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) 20 टक्क्यांनी, पाच लाखांच्या आसपास जाईल. पण मला चिंता कराची नाही. उद्या तुम्ही आधी गेलात, तर ताईंना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या पेन्शनपेक्षा बरंच कमी असेल. त्या वेळी पाड्यावर एकट्याने राहणं झेपलं नाही तर त्यांनी कुठे जायचं? सावेडीत तेव्हा काय भाव असेल कोण जाणे, बँकेतल्या पैशांत तसं घर परत मिळेलच असं नाही. फ्लॅट भाड्याने द्या. महिना 12 हजार आले आणि मेंटेनन्स, घरपट्टी वजा केली, तरी वर्षाला लाखभर हातात राहतील. लिव्ह अँड लायसन्स करार मात्र नोंदवूनच करा, ओळखीचा भाडेकरू असला तरी. फ्लॅटचं सगळं मुलाकडे सोपवा, म्हणजे मन मागे राहायला कारण उरणार नाही.

जायच्या आधी करायचं सगळ्यात तातडीचं काम म्हणजे पतसंस्थेतले 9 लाख काढणं. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही. नगरकरांना यापेक्षा जास्त सांगायला नको. व्याज दीड टक्का कमी मिळालं तरी चालेल.

ताईंचे 18 लाख त्यांच्याच नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 36,900 रुपये त्यांच्या खात्यात येतील. आयुष्यभर नोकरी केलेल्या बाईला खर्चासाठी हात पसरावा लागू नये. उरलेल्या 13 लाखांतून दानाचे तीन गेले की दहा राहतात. ते दोन बँकांत निम्मे-निम्मे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीच्या खात्यात ठेवा. त्यातले पाच लाख फक्त दवाखान्यासाठी.

दवाखान्याचं मी मुद्दाम वेगळं काढतोय, कारण 2021 ला तुमची अँजिओप्लास्टी झालीय. धडगावहून घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार गाठायचं म्हणजे वेळ जातो, पावसात तर फारच. एकदा दोघं नंदुरबारला जाऊन हृदयविकाराची सोय कुठे आहे आणि तुमच्या पॉलिसीवर कॅशलेस कुठे होतं ते प्रत्यक्ष विचारून या. पॉलिसीचा हप्ता चुकवू नका, खंड पडला तर जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागेल. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान कार्ड काढा, पण त्याच्या भरवशावर पॉलिसी सोडू नका.

पहिलं वर्ष सामान कमी न्या, एक पावसाळा तिथे काढा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. नगर सोडण्याआधी मुलाकडून ते एकदा शिकून घ्या, पाड्यावर रेंज नसेल तर धडगावला उतरून करता येईल.