समोरच्याचा मुद्दा आपणच का मांडायचा?

प्रश्न : आमच्या कॉलेजची अभ्यासिका रात्री आठला बंद होते. ती दहापर्यंत उघडी ठेवावी, असं निवेदन मी ग्रंथपालांना देणार आहे. मसुदा सोबत पाठवतेय. तो वाचून मैत्रीण म्हणाली, "त्यांच्या अडचणीही लिही." पण त्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं? माझीच बाजू लंगडी पडेल ना?

उत्तर : मैत्रिणीचं ऐक. (विद्यार्थिनी आहेस म्हणून अगंतुगं करतोय, राग मानू नकोस.) आणि मसुद्यातलं हे वाक्य आधी खोड : 'काही लोक उगाच खर्चाचं कारण पुढे करतील, पण शिक्षणापुढे पैसा गौण आहे.' अगं, हे 'काही लोक' म्हणजे ग्रंथपालच! ते पुढचं वाचतील कशाला?

मी हे ठेच लागून शिकलो. कॉलेजात असताना एका वादविवाद स्पर्धेत विरोधी बाजूचा सगळ्यात तकलादू मुद्दा मी निवडला आणि पाच मिनिटं त्याच्या चिंधड्या उडवल्या. टाळ्याही पडल्या. मग समोरची मुलगी शांतपणे उठली आणि म्हणाली, "हा आमचा मुद्दाच नाही." मी बुजगावण्याशी कुस्ती खेळलो होतो. पुढे बरीच वर्षं परीक्षक म्हणून बसलो, तेव्हा हीच कुस्ती कितीदा तरी पाहिली.

आपल्याकडे शास्त्रग्रंथांची रीतच होती, आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला आपलं उत्तर. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात तर वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार वेगळे केलेत. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. वितंडेत स्वतःचं काही मांडायचंच नाही, समोरच्याचं तेवढं मोडायचं. 'वितंडवाद' हा आपला शब्द तिथलाच.

आणि डार्विन बघ. 1859च्या त्याच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथात सहावं प्रकरण स्वतःच्याच सिद्धांतापुढच्या अडचणींचं आहे. डोळ्यासारखा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला असेल हे अगदी हास्यास्पद वाटतं, असं तो आपण होऊन कबूल करतो आणि मग अगदी साध्या डोळ्यापासून पायरीपायरीने उत्तर देतो. आपल्या मताविरुद्ध जाणारं काही दिसलं की तो ते लगेच टिपून ठेवायचा. कारण काय, तर अशाच गोष्टी मनातून लवकर निसटतात!

आता तुझं वाक्य. मी असं लिहिलं असतं : 'दोन तास जादा थांबायला माणूस लागेल आणि पुस्तकांवर लक्ष ठेवणं अवघड होईल, ही अडचण खरी आहे. म्हणून पुस्तकांची देवघेव आठलाच थांबवावी. फक्त अभ्यासिका, तीही परीक्षेआधीचा महिनाभर, दहापर्यंत उघडी ठेवावी.' मागणी आक्रसली, कबूल. पण आता नाही म्हणायला त्यांना नवं कारण शोधावं लागेल. वीजबिल, शिस्त वगैरे किरकोळ आक्षेपांच्या मागे लागू नकोस. निवेदन खटल्यासारखं वाटायला लागतं.

एक राहिलंच. रोज आठ वाजता कुलूप लावतात, त्यांच्याशी बोललीस का? तुझ्या दोन पानांत ते कुठेच नाहीत. दहापर्यंत थांबायचं ते त्यांनाच. निवेदन देण्याआधी त्यांना गाठ, आणि ते काय म्हणाले ते मलाही कळव.