गॅस ग्रिलमधून घरघर आणि फट् आवाज येतोय, वापरू का?

तुम्ही लिहिलंय की खारघरला टेरेसवर ठेवलेलं ग्रिल पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच पेटवलं, तर आतून घरघर येते, मधेच फट् होतं आणि रेग्युलेटरपण गुणगुणतो. मी ठाण्यात शेगडी-गीझर दुरुस्तीचंच काम करतो, ग्रिल कमी येतात पण आतलं सगळं शेगडीसारखंच असतं.

रेग्युलेटरचं टेन्शन घेऊ नका. त्यात रबराचा पडदा असतो, गॅस जास्त ओढला गेला की तो थरथरतो. सगळे बर्नर फुल असताना गुणगुण आणि एखादा बारीक केला की बंद, असं असेल तर सोडून द्या. फक्त तो केटरिंगवाल्यांच्या भट्टीचा हाय प्रेशरवाला नाही ना ते बघा. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबारला गॅस सोडतो, भट्टीवाला लावला की ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि नुसता भर्रर आवाज होतो.

खरी गडबड त्या घरघरीत आहे. ज्योत बर्नरच्या भोकांवर जळायला पाहिजे, तुमच्याकडे ती मागे सरकून बर्नरच्या नळीत, जेटजवळ (म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोंडाजवळ) जळत असणार. वर ज्योत पिवळी, ढिली दिसते आणि नॉबची पट्टी चटका बसेल इतकी तापते. असं दिसलं की लगेच नॉब आणि सिलेंडर दोन्ही बंद. याचं नेहमीचं कारण म्हणजे नळीत घर केलेले किडे. पनवेलकडच्या एका ग्रिलच्या नळीतून मी कुंभारीण माशीचं मातीचं घर काढलंय, फोडलं तर आत कोळीच कोळी, पिल्लांना खायला भरून ठेवलेले! कोळ्याचं जाळंसुद्धा पुरतं, हवा नीट आत जात नाही आणि ज्योत मागे येते.

ग्रिल पूर्ण गार झालं की बर्नर बाहेर काढा, बाटली धुवायचा लांब ब्रश नळीत आरपार फिरवा, पाण्याने धुतलं तर चांगलं वाळू द्या नाहीतर परत तडतड करेल. जेटमध्ये सेफ्टी पिन अजिबात घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट गेला. बसवताना नळीचं तोंड जेटवर बरोबर बसलंय ना बघा, निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

नॉब बंद करताना होणारा छोटासा फट् वेगळा, तो बऱ्याच शेगड्यांत होतो, चालतं. चिकनची चरबी पडून होणारा चुर्र तर कळतोच.

सगळे नॉब बंद, सिलेंडर चालू, आणि तरी बारीक सूं येतेय, हा आवाज मात्र सगळ्यात हळू आणि सगळ्यात वाईट. हायवेच्या गोंगाटात तो ऐकूही येत नाही, म्हणून कानावर विसंबू नका, साबणाचा फेस पाईपला आणि जोडांना लावा, बुडबुडे आले की लीक. काडी पेटवून बघणारे महाभागपण भेटतात मला! एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो, त्यामुळे सिलेंडर ग्रिलखालच्या बंद कपाटात असेल तर दार उघडं ठेवा. लीक थांबत नसेल तर 1906 या गॅस लीकच्या हेल्पलाइनला फोन लावा. सुरक्षा पाईपवरची तारीखपण बघा, पाच वर्षं झाली की बदलायचाच, वरून कितीही नवा दिसू दे.

साफ करूनही घरघर राहिली तर रेग्युलेटर कुठला आहे आणि एकाच बर्नरला होतंय का सगळ्यांना, ते कमेंटमध्ये टाका, बघतो.