थर्मामीटर रात्री बाहेर काढ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यातल्या दुपारचे उपग्रहाचे नकाशे लावलेस, त्यात शहर भोवतालच्या शिवारापेक्षा थंड निघालं, आणि आता शहरी उष्णता बेटाचा, म्हणजे शहर भोवतालापेक्षा गरम राहण्याचा, विषयच सोडावा म्हणतेस. सोडू नकोस. नकाशा चुकलेला नाही, फक्त वेळ दुपारची आहे. मे महिन्यात आपलं काळं रान नांगरून पडलेलं असतं. ढेकळांत ओल नाही, वर पीक नाही, माती तव्यासारखी तापते. २०१७ साली देशभरातल्या शहरांवर प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासातही उन्हाळ्यात दिवसा बरीच शहरं भोवतालापेक्षा थंड आणि रात्री गरम दिसली होती. शिवाय उपग्रहाला कळतं ते पृष्ठभागाचं तापमान, आपण श्वास घेतो त्या हवेचं नाही.

लंडनचा ल्यूक हॉवर्ड औषधं-रसायनं बनवणारा माणूस. लंडनच्या हवामानावरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १८१८ चा. १८३३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने हिशेब मांडला: शहरातली रात्र बाहेरच्यापेक्षा ३.७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सियस, जास्त उबदार, आणि दिवस ०.३४ अंश फॅरनहाइटने थंड. दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. गैरसोयीचा म्हणून त्याने तो गाळला नाही.

पुढे शंभरेक वर्षं बहुतेक काम ठरावीक ठाण्यांवरच्या नोंदींवर चाललं. १९२७ मध्ये व्हिएन्नात विल्हेल्म श्मिट यांनी मोटारीवर थर्मामीटर बसवला, आणि शहराच्या आतले फरक दिसू लागले. कॅनडातल्या टिम ओक यांनी १९७० नंतर कारणांचा छडा लावला: भिंतींत साठलेली उष्णता, बोळातून दिसणारं चिंचोळं आकाश (उष्णतेला वर सुटायला वाट कमी), बाष्पीभवनाला नसलेली ओल. आपल्याकडे हे पाठीला कळतं. जाड माळवदावर आम्ही उन्हाळाभर निवांत झोपायचो. आता स्लॅबवर पाणी शिंपडून गादी टाकली तरी रात्री अकराला खालून ऊब येते.

तेव्हा गाडी काढ, भावाला सोबत घे. वारा पडलेली, निरभ्र रात्र बघ. सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजच्या बोळांतून निघ. क्रांती चौक, सिडको, चिकलठाणा करत जालना रोडनं शिवार लागेपर्यंत जा. त्याच वाटेने परत ये, कारण तेवढ्या वेळात हवा निवत जाते. जाता-येतानाच्या नोंदींची सरासरी काढलीस की तो फरक बराचसा निघून जातो. थर्मामीटर इंजिनापासून लांब ठेव, प्रत्येक ठिकाणी काटा स्थिर होऊ दे. पहिल्या वर्षी मी तो पश्चिमेच्या भिंतीला टांगला होता आणि उन्हाळाभर भिंतीचंच तापमान लिहीत बसलो. सगळी वही टाकून द्यावी लागली, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

आणि वहीत नुसतं ‘ग्रामीण भाग’ लिहू नकोस. स्टुअर्ट आणि ओक यांनी २०१२ मध्ये परिसराचे १७ प्रकार पाडले, ते याच गोंधळावर उपाय म्हणून. पाणी दिलेला ऊस आणि कपाशीचं उघडं रान ही दोन्ही ‘ग्रामीण’च, पण एका ओळीत बसत नाहीत. रान कोणतं, ओल किती, शेवटचा पाऊस कधी झाला, सगळं टिपून ठेव.

पहिल्या रात्रीचे आकडे खाडाखोडीसकट पाठव. नीटनेटके करू नकोस, मला मूळ वहीच बघायची आहे.

तुझा,
सर